पटेल, जब्बार

पटेल, जब्बार रझाक : (२३ जून १९४२ – ). मराठी नाट्यदिग्दर्शक व चित्रपटदिग्दर्शक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राचे राजकीय व सामाजिक जीवन मराठी पडद्यावर गांभीर्याने आणणाऱ्या दिग्दर्शकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. सत्ता आणि तिला प्रश्न विचारणारी एकटी व्यक्ती ह्यांच्यातील संबंध हा त्यांच्या बहुतेक प्रमुख चित्रपटांचा मध्यवर्ती विषय होय. ‘सामना’ (१९७५) ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) ह्या पंचवीस वर्षांच्या काळात हा विषय त्यांनी निरनिराळ्या परिसरांत व निरनिराळ्या कथारूपांत हाताळला.

जीवन व शिक्षण : त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे झाला. वडील रेल्वेच्या सेवेत होते. शालेय शिक्षण सोलापूर येथील हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू ह्या चारही भाषा कानी पडणाऱ्या त्या गिरणगावात नाटक, संगीत व वाङ्‌मय ह्यांविषयीची त्यांची अभिरुची घडली. तेथे प्रा. श्रीराम पुजारी ह्यांच्या सहवासाचा त्यांना विशेष लाभ झाला. पुढे पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी मिळविली व बालरोगचिकित्सेचे शिक्षण घेतले. महाविद्यालयाच्या रंगमंचावर विजय तेंडुलकर ह्यांची नाटके त्यांनी बसविली. तेंडुलकरांशी त्यांचा येथे जुळलेला संबंध पुढे दीर्घकाळ टिकला आणि त्यांच्या कलाजीवनाला दिशा देणारा ठरला.

शिक्षणानंतर पुणे जिल्ह्यातील दौंड येथे त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांच्या पत्नीही डॉक्टर आहेत. दिवसा रुग्णसेवा आणि सायंकाळी पुण्यास तालीम, असा क्रम त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. उपजीविकेचे स्वतंत्र साधन हाती असल्यामुळे केवळ धंद्याच्या गरजेपोटी चित्रपट स्वीकारण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांच्या चित्रपटांची संख्या अल्प व विषयांची निवड काटेकोर राहिली, त्यामागे हेही एक कारण संभवते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : दौंड हे भीमा नदीकाठचे गाव मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील महत्त्वाचे प्रस्थानक आहे. तेथून एक फाटा मनमाडकडे व दुसरा बारामतीकडे जातो. दक्षिणेस व आग्नेयीस बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. मुळात अवर्षणप्रवण असलेल्या ह्या प्रदेशाचे रूप नीरा डावा कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पालटण्यास आरंभ केला. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. १९३०–४० च्या दशकात वालचंदनगर येथे खाजगी साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखाने निघाले. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांनी घालून दिलेला सहकारी साखर कारखान्याचा नमुना पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र अनुसरला गेला. इंदापूर तालुक्यातील शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी ह्यांसारख्या गावांच्या परिसरात गेल्या काही पिढ्यांचे जीवन पाण्याची पाळी, उसाची तोड, सोसायटीचे कर्ज आणि कारखान्याची निवडणूक ह्या चार गोष्टींशी बांधले गेले. ह्या व्यवस्थेने शेतकऱ्याला प्रतिष्ठा, शाळा, रस्ते आणि हुकमी बाजारपेठ दिली, ह्यात संशय नाही. त्याचबरोबर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था व पक्ष ह्यांची सूत्रे पुष्कळदा एकाच हाती एकवटली. उपकारकर्ता आणि सत्ताधीश हे एकच झाले म्हणजे त्याला जाब कोणी विचारावयाचा, हा प्रश्न ह्या समृद्धीबरोबरच जन्मास आला. पटेल ह्यांच्या पहिल्या चित्रपटाने नेमका हाच प्रश्न मांडला. तो कोणत्याही एका गावाची वा कारखान्याची कथा सांगत नाही. तथापि ऊसपट्ट्यातील प्रेक्षकाला त्यातील वाडा, जीपगाडी, सत्कारसमारंभ आणि दबलेली कुजबूज ह्यांची ओळख पटवून द्यावी लागली नाही.

नाट्यकार्य : पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ह्या भालबा केळकर ह्यांच्या संस्थेसाठी पटेल ह्यांनी तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ (१९७०) हे नाटक बसविले आणि दिग्दर्शक म्हणून लौकिक मिळविला. त्यांच्या नाट्यकर्तृत्वाचा कळस म्हणजे तेंडुलकरांचेच ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक होय. त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. भास्कर चंदावरकर ह्यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद ह्यांचे नृत्यदिग्दर्शन, मोहन आगाशे ह्यांचा नाना फडणीस आणि रमेश टिळेकर ह्यांचा घाशीराम ह्यांमुळे हा प्रयोग संस्मरणीय ठरला. रंगमंचावर एका ओळीत उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत ही ह्या प्रयोगाची सर्वांत बोलकी कल्पना. ती भिंत कधी नगर होते, कधी पडदा, कधी जमाव. काही झाकते आणि काही उघड करते. कीर्तन, लावणी व कोकणातील खेळे ह्यांचे संस्कार घेऊन उभी केलेली ही रचना लोकपरंपरेचा केवळ शोभेसाठी उपयोग करीत नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा क्रूर माणूस कसा घडविते आणि काम सरताच त्याचा बळी कसा देते, हे ती समूहाच्या हालचालींतूनच दाखविते.

नाना फडणीसांच्या चित्रणावरून ह्या नाटकाविरुद्ध मोठे वादळ उठले. इतिहासाचा विपर्यास व एका जातीची निंदा असे आक्षेप घेण्यात आले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा पटेल, आगाशे, सतीश आळेकर प्रभृती तरुण रंगकर्मी संस्थेतून बाहेर पडले व १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ ही संस्था स्थापन केली. १९७४ च्या आरंभी ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले आणि १९८० मध्ये विरोधाला तोंड देत युरोपच्या दौऱ्यावरही गेले. ह्या घटनाक्रमाचा पटेल ह्यांच्या पुढील वाटचालीशी निकटचा संबंध आहे. सत्तेविषयीचे नाटक करताना त्यांना सत्तेच्या व समाजाच्या दडपणाचा प्रत्यक्ष अनुभव आला, आणि सहकाऱ्यांचा असा संच लाभला की, त्यातील नट व संगीतकार पुढे त्यांच्या चित्रपटांचाही आधार बनले.

बेर्टोल्ट ब्रेक्ट ह्या जर्मन नाटककाराच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे ह्यांनी केलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) हे रूपांतरही पटेल ह्यांनी रंगमंचावर आणले. पाश्चात्त्य पॉपसंगीत, नाट्यपद व लावणी एकाच प्रयोगात नांदविण्याचे धाडस त्यात होते. अरुण साधू ह्यांचे ‘पडघम’ (१९८५) हे नाटक विद्यार्थी-आंदोलन व राजकारण ह्यांवरचे होते. प्रेक्षकाला कथेत बुडू न देता विचारास प्रवृत्त करण्याची ब्रेक्टची रीत आणि तमाशातील सूत्रधाराचा मोकळेपणा ह्यांचा मेळ ह्या तीनही प्रयोगांत आढळतो.

चित्रपट : पटेल चित्रपटक्षेत्रात आले, तेव्हा मराठी ग्रामीण चित्रपटाला एक ठाम साचा लाभलेला होता. अनंत माने ह्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ह्या अत्यंत लोकप्रिय चित्रपटानंतर तमाशा, पाटलाचा वाडा, सूड व लावणी हे घटक रूढ झाले होते. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) दादा कोंडके ह्यांच्या विनोदाने प्रेक्षकांना वेड लावले होते. दुसरीकडे श्याम बेनेगल ह्यांचा ‘अंकुर’ (१९७४) हा हिंदी चित्रपट गावातील सरंजामी सत्तेकडे वास्तव दृष्टीने पाहत होता. ह्या दोहोंच्या मधली वाट पटेल ह्यांनी निवडली. ग्रामीण चित्रपटातील परिचित पात्रे व गीते त्यांनी टाकली नाहीत; त्यांचा अर्थ बदलला.

‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट रामदास फुटाणे ह्यांनी निर्माण केला. पटकथा तेंडुलकरांची होती. एकेकाळचा गांधीवादी, आता मद्याच्या आहारी गेलेला एक अनोळखी मास्तर (श्रीराम लागू) एका गावात येऊन पडतो. गावचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) त्याला आश्रय देतो, त्याची बडदास्त ठेवतो. गावात एके काळी सैन्यातून परतलेला मारुती कांबळे (मोहन आगाशे) नावाचा माणूस होता व तो नाहीसा झाला, एवढेच मास्तराच्या कानी येते आणि त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न तो विचारीत राहतो. प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरात गावातील प्रत्येकाच्या मौनाचा हिशेब दडलेला आहे. खलनायकाला राक्षस न करता पटेल ह्यांनी त्याला कर्तबगार, आतिथ्यशील, विनोदी व स्वतःच्या उपकारांवर मनापासून विश्वास असलेला पुरुष म्हणून उभे केले. त्यामुळे प्रेक्षकाची स्थितीही मास्तरासारखी होते : ज्याचे अन्न खाल्ले, त्यालाच जाब विचारावयाचा असतो. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) ह्या चित्रपटापासून फुले ह्यांच्याभोवती इरसाल ग्रामीण पात्राची प्रतिमा तयार झाली होती; तिचाच उपयोग करून दिग्दर्शकाने तिच्या तळाशी असलेली भीती वर आणली. येथे नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद आणि आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तीन डॉक्टर ह्या एका चित्रपटात एकत्र आले होते. १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘सामना’ची निवड झाली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला.

‘जैत रे जैत’ (१९७७) हा गो. नी. दांडेकर ह्यांच्या कादंबरीवरील चित्रपट वरवर पाहता वेगळ्या वळणाचा आहे. ठाकर जमातीतील ढोल वाजविणारा तरुण नाग्या (मोहन आगाशे) व चिंधी (स्मिता पाटील) ह्यांची ही कथा. मधमाशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो. पापपुण्याचा नेम काटेकोर पाळूनही हे का घडले, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो राणीमाशीवर व पर्यायाने डोंगराच्या देवावर चालून जातो. येथे जाब विचारला जातो तो दैवाला. विजयाच्या क्षणीच नाग्याला चिंधी गमवावी लागते. ना. धों. महानोर ह्यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर ह्यांचे संगीत हे ह्या चित्रपटाचे प्राणतत्त्व. गीत हे येथे कथेतील विश्रांतिस्थान नाही. सूत्रधार, समूह व पात्रांचे मन अशी तिहेरी कामे गीते करतात, आणि दीर्घ संवादांची जागा बव्हंशी त्यांनीच घेतली आहे.

‘सिंहासन’ (१९७९) हा भारतीय राजकीय चित्रपटांतील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ ह्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक), त्यांच्याविरुद्ध हालचाली करणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगारपुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) आणि हे सर्व पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) अशी ह्याची मांडणी. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे संप व तस्करी, आणि मध्यभागी खुर्चीभोवती चाललेली माणसांची मोजदाद, असा विस्तृत पट कृष्णधवल छायाचित्रणात बांधलेला आहे. ‘सामना’त गावाच्या सत्तेला चेहरा होता, ‘सिंहासन’मध्ये सत्ता दूरध्वनीवरील आवाजांत, बंद दारांआडच्या बैठकांत व अर्धवट वाक्यांत वसते. कोणी एक दुष्ट नाही आणि कोणी निर्दोषही नाही. फ्रान्सेस्को रोझी ह्या इटालियन दिग्दर्शकाने नगरसत्तेचे जे शवविच्छेदन १९६३ मध्ये ‘हँड्स ओव्हर द सिटी’ ह्या नावाने परिचित असलेल्या चित्रपटात केले, त्याच्याशी ह्या पद्धतीचे नाते सांगता येईल.

ह्या चित्रपटाचे चित्रीकरण मंत्रालयासारख्या प्रत्यक्ष शासकीय वास्तूंत करण्यास अनुमती मिळाली होती. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्रिपद बारामतीच्या शरद पवार ह्यांच्याकडे होते. मंत्रिमंडळातील कारस्थानांचे दर्शन घडविणाऱ्या चित्रपटाला शासनानेच दार उघडावे, ही घटना त्या काळातील महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाविषयी बरेच काही सांगून जाते. आणीबाणी उठून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. चित्रपटाचा शेवट मात्र सांत्वन देणारा नाही. मुख्यमंत्री आपले आसन राखतो. सर्व काही जाणणाऱ्या पत्रकाराजवळ विचारावयास प्रश्नच उरत नाही आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. ‘सामना’तील मास्तराला प्रश्नाने पुन्हा माणूस केले होते; येथे ज्ञानाचा भार साक्षीदाराला पेलवत नाही.

‘उंबरठा’ (१९८२) हा शांता निसळ ह्यांच्या ‘बेघर’ ह्या कादंबरीवरील चित्रपट असून त्याची ‘सुबह’ ही हिंदी आवृत्तीही निघाली. पटकथा तेंडुलकरांची होती. सुखवस्तू घरातील सुलभा महाजन (स्मिता पाटील) पती (गिरीश कार्नाड) व लहान मुलगी ह्यांना सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. आश्रमातील भ्रष्टाचार, व्यवस्थापक मंडळाचा ढोंगी सेवाभाव आणि निराधार स्त्रियांचे शोषण ह्यांविरुद्ध ती उभी राहते. चौकशी तिच्याच वाट्यास येते. परतल्यावर घरातील तिची जागाही उरलेली नसते. घर व संस्था ही दोन्ही एकाच सत्तेची रूपे आहेत, हे चित्रपट प्रवचन न करता दाखवितो. सुलभा रडत नाही व फारसे बोलतही नाही. उंबरठा ओलांडून ती पुन्हा निघते. स्मिता पाटील ह्यांच्या अभिनयाचा हा एक परमोच्च बिंदू समजला जातो. सुरेश भट व वसंत बापट ह्यांच्या गीतांना हृदयनाथ मंगेशकर ह्यांचे संगीत लाभले. ‘सामना’पासून ‘उंबरठा’पर्यंतच्या चारही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

उत्तरकाळ : ह्यानंतरच्या दशकात पटेल ह्यांचे कार्य मुख्यत्वे नाटक व माहितीपट ह्यांत विखुरलेले दिसते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने निघालेल्या ‘एक होता विदूषक’ (१९९२) ह्या चित्रपटाचे लेखन पु. ल. देशपांडे ह्यांनी केले. तमाशातील सोंगाड्या आबुराव चित्रपटाचा तारा होतो आणि राजकारणाच्या कामी येतो. वर चढता चढता त्याचे हास्य मात्र हरवते. विनोदी नट म्हणून प्रसिद्ध असलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्याकडून ही शोकात्म भूमिका करवून घेणे, हे दिग्दर्शकाच्या नटपारखीचे निदर्शक होय. लोकप्रिय विनोदी प्रतिमा आणि तिच्यामागचा माणूस ह्यांतील अंतर हाच येथे आशय बनला. सोंगाड्याचा परंपरागत अधिकार म्हणजे राजालाही टोला हाणण्याचा. तो अधिकार सत्तेने विकत घेतला की काय होते, ही ह्या चित्रपटाची खरी कथा. नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर ह्या लावणीकलावतीस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटासही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा सन्मान लाभला.

‘मुक्ता’ (१९९४) मध्ये परदेशातून परतलेली एक मराठा तरुणी (सोनाली कुलकर्णी) व दलित कवी-कार्यकर्ता (अविनाश नारकर) ह्यांच्या संबंधांतून जातीचा प्रश्न पुढे येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणाचे पात्र आणून वर्णभेद व जातिभेद ह्यांची तुलना साधली आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या घराण्याची पुरोगामिता आपल्या अंगणापर्यंत आल्यावर कोठे थांबते, हे चित्रपट दाखवितो. राष्ट्रीय एकात्मतेसाठी असलेला नर्गिस दत्त पुरस्कार त्यास देण्यात आला.

केंद्र व महाराष्ट्र शासनाच्या आर्थिक साहाय्याने निर्माण झालेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा इंग्रजी चित्रपट पटेल ह्यांचा सर्वांत विशाल प्रकल्प होय. लेखनात सूनी तारापोरवाला, अरुण साधू व दया पवार ह्यांचा सहभाग होता. मलयाळम् अभिनेते मामुट्टी ह्यांनी आंबेडकरांची भूमिका केली. मोहन गोखले ह्यांनी गांधीजींची. छायाचित्रण अशोक मेहता ह्यांचे होते. कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थिदशा, बडोद्यातील अवमान, महाडचा सत्याग्रह (१९२७), गोलमेज परिषद, पुणे करार (१९३२), संविधाननिर्मिती आणि नागपूर येथील धर्मांतर (१९५६) असा कालानुक्रम त्यात आहे. येरवड्याच्या तुरुंगातील प्रसंगांत गांधीजी पूज्य मूर्ती म्हणून नव्हे, तर वाटाघाटी करणारे राजकीय नेते म्हणून दिसतात. ह्या चित्रणावर टीकाही झाली. मामुट्टी ह्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, नितीन देसाई ह्यांना कलादिग्दर्शनाचा आणि चित्रपटास सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तींच्या मालिकेत आंबेडकर हे शेवटचे व सर्वार्थाने निराळे पात्र आहे : ते जाब विचारून थांबत नाहीत; देशाचा कायदा लिहितात आणि अखेरीस जुनी व्यवस्थाच सोडून बाहेर पडतात. ‘यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची’ (२०१४) ह्या चित्रपटात दिग्दर्शकाने आधुनिक महाराष्ट्राच्या शिल्पकाराचे जीवन रेखाटले. ‘सिंहासन’च्या दिग्दर्शकाने सत्तेतील सुसंस्कृत व विधायक प्रवृत्तीकडे वळावे, हे त्याच्या दृष्टीच्या समतोलाचे लक्षण मानता येईल, मात्र येथे आदर चिकित्सेवर मात करतो.

माहितीपटांतही त्यांची कामगिरी भरीव आहे. वास्तवाचे चित्रण लोकशिक्षणाच्या कामी लावण्याची परंपरा जॉन ग्रीअरसन (१८९८–१९७२) ह्या स्कॉटिश दिग्दर्शकाने ब्रिटनमध्ये रुजविली. १९२९ च्या ‘ड्रिफ्टर्स’ ह्या चित्रपटात उत्तर समुद्रावरील हेरिंग मच्छीमारांचे श्रम हाच त्याचा विषय होता. स्वातंत्र्योत्तर भारतात फिल्म्स डिव्हिजनने (१९४८) ती परंपरा काही अंशी स्वीकारली. ग्रीअरसनपरंपरेत श्रम व उद्योग ह्यांना अग्रस्थान असते. पटेल ह्यांचे माहितीपट व्यक्तिकेंद्रित आहेत. समाजवादी नेते एस्. एम्. जोशी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, कवी कुसुमाग्रज आणि गायक कुमार गंधर्व ह्यांच्यावर त्यांनी माहितीपट केले. रूढ मार्ग नाकारून आपापल्या क्षेत्रात नवा विचार मांडणाऱ्या व्यक्ती त्यांना आकृष्ट करतात, हे ह्या निवडीवरून स्पष्ट होते.

शैली : पटेल ह्यांच्या चित्रपटशैलीचा उगम रंगभूमीत आहे, व तिचे बल आणि मर्यादा ह्या दोहोंचे मूळ तेथेच शोधावे लागते. पहिले वैशिष्ट्य म्हणजे नटावरील भिस्त. लागू, फुले, आगाशे, सरनाईक, दुभाषी, स्मिता पाटील असे समर्थ कलावंत त्यांना लाभले आणि त्यांनी त्यांचे परस्परविरोधी गुण समोरासमोर उभे केले. ‘सामना’तील मास्तर व हिंदुराव ह्यांची जुगलबंदी हा त्याचा उत्कृष्ट नमुना. दुसरे वैशिष्ट्य समूहाचा वापर. ‘घाशीराम’मधील मानवी भिंत चित्रपटांत निरनिराळ्या रूपांनी परत येते : चूप राहणारे गावकरी, मंत्र्यांभोवतीचे होयबा, आश्रमातील स्त्रिया. व्यक्ती चित्राच्या मध्यभागी असली, तरी कथेचा निकाल भोवतालचा समूह लावतो. तिसरे वैशिष्ट्य गीतांचे. समांतर चित्रपटाने गीतांकडे सामान्यतः पाठ फिरविली; पटेल ह्यांनी मात्र आरती प्रभू, महानोर, सुरेश भट ह्यांसारख्या कवींना पाचारण करून गीताला भाष्याचा दर्जा दिला. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांची गाणी चित्रपटगृहांत न गेलेल्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचली.

मर्यादाही उल्लेखनीय आहेत. त्यांच्या चित्रपटांत संवादाचा वाटा मोठा असतो. प्रतिमांतून अर्थ सुचविण्यापेक्षा तो बोलून सांगण्याकडे कल आढळतो. तेंडुलकरांच्या आटोपशीर पटकथेचा आधार नसलेल्या चित्रपटांत विषयांची गर्दी होते. ‘मुक्ता’मध्ये हे विशेषत्वाने जाणवते. चरित्रपटांत घटनांचा क्रम राखण्याच्या दक्षतेमुळे व्यक्तीच्या अंतरंगासाठी अवकाश कमी उरतो.

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उभारणीत व संचालनात त्यांचा पुढाकार राहिला आहे. २०२४ च्या आरंभी पिंपरी-चिंचवड येथे भरलेल्या शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मूल्यमापन : मराठी चित्रपटाने सत्तेचे चित्रण पूर्वीही केले होते, पण त्यात जुलमी पाटील व त्याचा सूड घेणारा नायक अशी दोनच बाजूंची मांडणी असे. पटेल ह्यांनी तिसरा घटक पुढे आणला. तो म्हणजे पाहणारा, लाभ घेणारा व गप्प राहणारा समाज. सहकाराने ज्याचे जीवन सुधारले त्या शेतकऱ्यानेच सहकारातील अन्यायाविषयी बोलावे काय, पत्रकाराने जे ठाऊक आहे ते छापावे काय, घराच्या प्रतिष्ठेत सुखी असलेल्या स्त्रीने दार उघडून बाहेर पडावे काय, हे प्रश्न पडद्यावरील पात्रांचे तसेच प्रेक्षकांचेही आहेत. नीरा-भीमेच्या काठच्या ऊसपट्ट्यात, दौंडपासून शेळगावापर्यंत, ज्या पिढीने कालवा, कारखाना आणि निवडणूक ह्यांचा उदय पाहिला, तिच्या दृष्टीने ‘सामना’ हा केवळ एक गाजलेला चित्रपट नव्हे. तिने अनुभवलेल्या पण क्वचितच उच्चारलेल्या एका कोंडीचे ते पहिले स्पष्ट चित्रण होय. नाहीशा झालेल्या एका सामान्य माणसाविषयी विचारलेला प्रश्न हा लोकशाहीतील मूलभूत प्रश्न आहे, ही जाणीव मराठी चित्रपटाला करून देणे, हे जब्बार पटेल ह्यांचे ऐतिहासिक कार्य म्हणावे लागेल.